मुरुड स्टेशनचे रूळ आणि आठ फुटांचे हात

लातूर-बार्शी रस्त्यावरच्या मुरुडच्या स्टेशनात आज जे रूळ आहेत, त्या दोन रुळांमधलं अंतर 1676 मिलिमीटर आहे, म्हणजे 5 फूट 6 इंच. ही ब्रॉडगेज. त्याआधी जवळजवळ शंभर वर्षं इथून बार्शी लाईट धावत होती. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने बांधलेली ही छोटी रेल्वे 1897 साली सुरू झाली आणि 1911 साली लातूरला पोचली. तिच्या रुळांमधलं अंतर होतं 762 मिलिमीटर, म्हणजे 2 फूट 6 इंच. आता या दोन्ही मापांची बेरीज करा. साडेपाच आणि अडीच, बरोबर आठ फूट.

व्हिक्टर वेंबान्यामा या फ्रेंच बास्केटबॉलपटूने दोन्ही हात आडवे पसरले, की एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भरतात ते हेच आठ फूट. मुरुडचा आजचा रूळमार्ग आणि त्याच्या शेजारी जुना बार्शी लाईटचा मार्ग मांडला, तर दोन्ही मिळून जेवढे रुंद होतील तेवढी या एका माणसाची वाव. विहिरीचा दोर मोजताना जी वाव धरतात, तीच ही. त्याची उंची 7 फूट 4 इंच आहे.

आपल्याकडच्या माणसाची वाव किती? बहुतेक माणसांची वाव साधारण उंचीएवढीच भरते, काही सेंटिमीटर इकडेतिकडे. जगभरातल्या उंचीच्या नोंदी एकत्र करून 2016 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात 1996 साली जन्मलेल्या भारतीय पुरुषाची सरासरी उंची सुमारे 165 सेंटिमीटर आणि बाईची सुमारे 152.6 सेंटिमीटर आली आहे. म्हणजे सरासरी भारतीय पुरुषाने हात पसरले, तर ते ब्रॉडगेजच्या एका रुळापासून दुसऱ्या रुळाला जेमतेम पोचतात. वेंबान्यामाचे हात पलीकडच्या रुळावरून आणखी 76 सेंटिमीटर पुढे जातात.

बास्केटबॉलची कडी जमिनीपासून 10 फुटांवर असते, म्हणजे 305 सेंटिमीटर. 1891 साली अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ यांनी हा खेळ काढला, तेव्हा व्यायामशाळेच्या सज्जाचा कठडा दहा फुटांवर होता आणि टोपल्या त्यालाच ठोकल्या. ते माप आजवर हललेलं नाही. पुरुषांसाठी तेवढंच, बायकांसाठीही तेवढंच. सरासरी भारतीय बाईच्या उंचीच्या दुप्पट किती होतात पाहा: 305.2. आपल्या मुलीच्या डोक्यावर तेवढीच आणखी एक मुलगी उभी केली, तर तिचं डोकं कडीला टेकेल. याच कडीखाली खेळून पुण्याच्या शिरीन लिमये भारताच्या महिला संघाच्या कर्णधार झाल्या. सरासरी पुरुषाने टाचा न उचलता हात वर केला, तर बोटं साधारण 214 सेंटिमीटरवर पोचतात. कडीला शिवायला त्याला 91 सेंटिमीटरची उडी हवी. वेंबान्यामाची बोटं उभ्या जागी सुमारे 290 सेंटिमीटरवर असतात.

हा खेळ उंच माणसांना किती ओढून घेतो याचा एक अंदाज डेव्हिड एप्स्टाईन या पत्रकाराने 2013 सालच्या आपल्या पुस्तकात मांडला होता: अमेरिकेतल्या 20 ते 40 वयाच्या, सात फूट किंवा त्याहून उंच पुरुषांपैकी सुमारे 17 टक्के एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये खेळत असावेत. दर सहा जणांत एक. त्याच पुस्तकातला दुसरा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. एनबीए खेळाडूची वाव त्याच्या उंचीच्या सरासरी 1.06 पट असते. दोन मीटर उंचीच्या गड्याची वाव 212 सेंटिमीटर. म्हणजे हा खेळ नुसती उंची निवडत नाही, उंचीच्या मानानेही जास्त लांब हात निवडतो.

आणि हेच लांब हात जिममध्ये शिरले, की हिशेब उलटा फिरतो.

2007 साली एनबीएच्या निवडीआधीच्या चाचणीत केव्हिन ड्युरंट नावाचा अठरा वर्षांचा मुलगा बेंच प्रेसच्या बाकावर आडवा झाला. बारवर 185 पौंड होते, म्हणजे सुमारे 84 किलो. हे वजन किती वेळा छातीवरून वर ढकलता येतं, एवढंच मोजायचं होतं. ड्युरंटला ते एकदाही ढकलता आलं नाही. त्याच्या नावापुढे शून्य लागलं आणि त्याच्या अशक्तपणाची चर्चा देशभर झाली. त्याची उंची होती 6 फूट 9 इंच आणि वाव जवळपास 7 फूट 5 इंच. तरी तो दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला, पहिल्याच हंगामात सर्वोत्तम नवोदित ठरला, 2014 साली लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला आणि पुढे त्याने 30,000 गुणांचा टप्पा ओलांडला.

बारवरचे किलो सगळ्यांना दिसतात. तो बार किती अंतर वर गेला हे कोणी लिहून ठेवत नाही. पण शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकात काम म्हणजे बल गुणिले अंतर असंच शिकवलं आहे. 165 सेंटिमीटरच्या मुलाचा बार छातीपासून हात सरळ होईपर्यंत साधारण 38 सेंटिमीटर जातो असं धरू. दोन मीटर उंचीच्या, 212 सेंटिमीटर वाव असलेल्या खेळाडूचा बार साधारण 52 सेंटिमीटर जाईल. वजन तेच, नोंद तीच, काम मात्र 37 टक्के जास्त. खांद्यावर बार घेऊन बैठक मारतानाही, म्हणजे स्क्वॉटमध्ये, हा उंच खेळाडू दर खेपेला सुमारे 12 सेंटिमीटर जास्त खाली जातो आणि तेवढाच जास्त वर येतो.

चौदा आणि बारा सेंटिमीटर. ऐकायला किरकोळ. आता हाच हिशेब वर्षभराचा करू. आठवड्यात तीन दिवस सराव, प्रत्येक व्यायामाचे सहा सेट, प्रत्येक सेटमध्ये आठ रेप, म्हणजे आठ खेपा. वर्षातले 45 आठवडे धरले, तर प्रत्येक व्यायामाचे 6480 रेप होतात. त्यांना 26 सेंटिमीटरने गुणलं की येतात 1685 मीटर. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, समुद्रसपाटीपासून 1646 मीटर. बुटक्या जोडीदारासोबत तोच तक्ता, तेच वजन, तेच सेट करणारा हा उंच मुलगा दर वर्षी त्याच्यापेक्षा एक अख्खी कळसूबाई जास्त उचलतो आणि बारवर 60 किलो असताना उचलतो. लातूरच्या बाजाराच्या भाषेत सांगायचं, तर सोयाबीनचे 50 किलोंचे सुमारे 2000 कट्टे जमिनीवरून एक मीटर वर उचलण्याएवढं हे काम. बैठकीत बारसोबत स्वतःचं शरीरही उचलावं लागतं, ते यात धरलेलंच नाही. तक्त्यावर मात्र दोघांच्या नावापुढे एकच आकडा: 60.

जिम नव्हत्या तेव्हा या भागात तालमी होत्या आणि आजही आहेत. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार 1969 साली महाराष्ट्र केसरी झाले, पुढे रुस्तुम-ए-हिंद झाले. तालमीतली ताकद जोर आणि बैठकांच्या आकड्यात मोजतात. कोणी किती जोर काढले यावर पोराची किंमत ठरते. पण जोराचं गणित बेंच प्रेसपेक्षाही कडक आहे, कारण जोरात वजन बाहेरून लादलेलं नसतं. शरीरच वजन असतं, आणि शरीर उंचीबरोबर फार वेगाने वाढतं.

गॅलिलिओने 1638 सालच्या आपल्या ग्रंथात हा नियम मांडला. एखादी वस्तू त्याच प्रमाणात मोठी केली, तर तिच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ वर्गाने वाढतं आणि वजन घनाने. स्नायूची ताकद त्याच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर ठरते. 165 सेंटिमीटरच्या मुलाला त्याच बांध्यात दोन मीटरचा करू. उंची 1.21 पट. ताकद 1.47 पट. वजन 1.78 पट. जोर काढताना शरीराच्या वजनाचा साधारण दोनतृतीयांश भाग हातांवर येतो आणि हात लांब असल्याने छाती 1.21 पट जास्त वर उचलावी लागते. वजन घनाने, अंतर एका घाताने. म्हणजे एका जोराचं काम उंचीच्या चौथ्या घाताने वाढतं. 1.212 चा चौथा घात साधारण 2.16 येतो. दोन मीटरच्या पोराचे 46 जोर आणि 165 सेंटिमीटरच्या पोराचे 100 जोर हे एकूण कामात सारखे आहेत.

उंच पोराकडे स्नायूही जास्त असतात, तेव्हा हा हिशेब त्याच्या बाजूने झुकलेला आहे, असं कोणी म्हणेल. ते खरं आहे. म्हणून स्नायूंचं वाढलेलं आकारमान वजा करू. तरीही दर किलो स्नायूमागे त्याचे 82-83 जोर हे दुसऱ्याच्या शंभराला भिडतात. कसाही हिशेब केला तरी शंभरला शंभर अशी तुलना उंच पोरावर अन्यायच करते.

निसर्ग स्वतःही घनाने वाढणारं हे वजन सोसत नाही. 1987-88 च्या हंगामात वॉशिंग्टनच्या संघात दोन खेळाडू एकत्र होते. सुदानमधून आलेला मनुट बोल, उंची 7 फूट 7 इंच, वाव 8 फूट 6 इंच. आणि मगसी बोग्ज, उंची 5 फूट 3 इंच. दोघांत 71 सेंटिमीटरचं अंतर. बोग्जचं वजन 62 किलोच्या आसपास होतं. त्याच बांध्यात त्याला बोलच्या उंचीचा केला असता, तर वजन 186 किलोंवर गेलं असतं. प्रत्यक्षात बोल 91 किलोंच्या आसपास होता, हिशेबाच्या निम्म्यावर. इतकी उंची पेलायची तर अंग सडपातळच असावं लागतं. वेंबान्यामाचंही तसंच आहे. उंच मुलाला ‘काडी’ म्हणून हिणवणाऱ्यांनी हे दोन आकडे, 186 आणि 91, शेजारी शेजारी लिहून बघावेत.

त्या काडीने काय केलं? पहिल्या हंगामात बोलने समोरच्यांचे 397 फटके हवेतच अडवले. संपूर्ण कारकिर्दीत त्याने 2086 फटके अडवले आणि स्वतः 1599 गुण केले. गुणांपेक्षा अडवलेले फटके जास्त! आणि बोग्ज, आपल्या सरासरी पुरुषाहूनही बुटका, चौदा हंगाम खेळला. या खेळात दोघांनाही जागा आहे. फक्त दोघांना एकाच तक्त्याने तयार करता येत नाही.

लांब हाताचा खांद्यावर पडणारा भार वेगळाच समजून घ्यायला हवा. एका हाताचं वजन शरीराच्या सुमारे पाच टक्के असतं. 60 किलोंच्या मुलाचा हात 3 किलोंचा आणि त्याचा भार खांद्यापासून साधारण 30 सेंटिमीटरवर. 100 किलोंच्या उंच खेळाडूचा हात 5 किलोंचा आणि भार 40 सेंटिमीटरवर. हात नुसता आडवा धरायचा, हातात काहीच नाही, तरी उंच खेळाडूच्या खांद्याला दुपटीहून जास्त पीळ सोसावा लागतो. आंतरराष्ट्रीय सामना दहा-दहा मिनिटांच्या चार भागांचा, एकूण 40 मिनिटांचा असतो आणि बचाव करताना हात पसरलेले किंवा वर ठेवावे लागतात. कोपराचंही तसंच. दंडाचा पुढचा स्नायू कोपरापासून सुमारे 4 सेंटिमीटरवर हाडाला जोडलेला असतो. कोपर काटकोनात ठेवून 35 सेंटिमीटरवरच्या मुठीत 10 किलोंचा डंबेल धरला, तर स्नायूला 87 किलोंच्या वर ओढ द्यावी लागते. मूठ 42 सेंटिमीटरवर असेल आणि जोड तेवढ्याच अंतरावर, तर 105 किलो. डंबेलवर दोघांनाही दिसतात 10 किलो.

मैदानावर लांब हाताची हीच तरफ उंच खेळाडूच्या बाजूने काम करते. खांदा त्याच वेगाने फिरला, तर 95 सेंटिमीटरच्या हाताचा पंजा 70 सेंटिमीटरच्या हाताच्या पंजापेक्षा 36 टक्के जास्त वेगाने फिरतो. समोरचा चेंडू सोडेपर्यंत हा पंजा तिथे पोचलेला असतो. जी तरफ जिममध्ये भारी पडते तीच मैदानावर उपयोगी पडते. म्हणून प्रशिक्षक लांब हातांच्या मागे लागतात आणि लागणं योग्यच आहे.

जिमचं सामान मात्र कोणाच्याही उंचीप्रमाणे बदलत नाही. डेडलिफ्टची, म्हणजे जमिनीवरून बार उचलण्याच्या व्यायामाची, मोठी प्लेट 45 सेंटिमीटर व्यासाची असते, त्यामुळे बार जमिनीपासून 22.5 सेंटिमीटरवर असतो. 165 सेंटिमीटरच्या मुलाच्या उंचीच्या हे 13.6 टक्के. पंजाबातल्या बल्लो के या छोट्या गावातून निघून 2015 साली डॅलसच्या संघाने 52 व्या क्रमांकावर निवडलेला सतनाम सिंग, एनबीएने निवडलेला भारतात जन्मलेला पहिला खेळाडू, 7 फूट 2 इंचांचा. त्याच्या उंचीच्या तेच 22.5 सेंटिमीटर फक्त 10.3 टक्के होतात. तोच बार त्याला जणू जमिनीत पुरलेला सापडतो आणि तिथवर पोचायला पाठ जास्त वाकवावी लागते. उपाय अगदी स्वस्त आहे. प्लेटांखाली सात सेंटिमीटरचे लाकडी ठोकळे ठेवले, की त्याच्यासाठीही प्रमाण तेच होतं. दोन मीटरच्या मुलाला पाच सेंटिमीटर पुरतात. लांब हात इथे मदतही करतात, कारण हात जेवढे खाली पोचतात तेवढं कमी वाकावं लागतं आणि उभं राहिल्यावर बारही तेवढा खालीच थांबतो. म्हणून उंच, लांब हातांच्या मुलाची खरी ताकद पाहायची तर बेंच प्रेसऐवजी डेडलिफ्टला पाहावं, असं माझं मत आहे. षटकोनी बार असेल तर आणखी चांगलं, त्याच्या मुठी उंच असतात आणि पाठ सरळ राहते. बेंच प्रेस करायचाच, तर बाक सोडून जमिनीवर आडवं होऊन करावा. कोपर जमिनीला टेकले की बार तिथेच थांबतो आणि खांदा ताणाच्या टोकाला जात नाही.

हे सगळं सर्वांत जास्त लागू पडतं ते तेरा-चौदा वर्षांच्या पोरांना. वाढीचा जोर ऐन भरात असताना मुलगा एका वर्षात नऊ-दहा सेंटिमीटर वाढतो. मुलींचा हा काळ साधारण दोन वर्षं आधी येतो. आधी हातपाय लांब होतात, मग धड, आणि स्नायूंची ताकद भरायला त्यानंतरही काही महिने जातात. 170 चा मुलगा वर्षभरात 180 चा झाला आणि वजनही त्याच प्रमाणात वाढलं, तर त्याच्या एका जोराचं काम सुमारे 26 टक्क्यांनी वाढलेलं असतं. गेल्या वर्षी 40 जोर काढणारा या वर्षी 32 वर थांबला, तर त्याने तेवढंच काम केलेलं आहे. तो आळशी झालेला नाही, मऊ पडलेला नाही. पण बहुतेक ठिकाणी याच वर्षी त्याला बोल ऐकावे लागतात, त्याच्यावर जास्त वजन चढवलं जातं आणि याच वर्षी गुडघे, पाठ, खांदे दुखू लागतात. कित्येक मुलं इथेच खेळ सोडतात, आणि नेमकी तीच मुलं जी दोन वर्षांनी संघाला हवी असतात.

मुरुडच्या, लातूरच्या, नांदेडच्या शाळांतल्या क्रीडाशिक्षकांना म्हणून एक विनंती आहे. यासाठी ना जिम लागते, ना निधी. भिंतीला शिंप्याची टेप चिकटवा. दर तीन महिन्यांनी प्रत्येक मुलामुलीची उंची आणि वाव, दोन्ही लिहून ठेवा. ज्याची वाव उंचीपेक्षा पाच-सहा टक्के जास्त आहे, त्याच्या नावाखाली रेघ मारा. जोर किंवा वजनाची नोंद करताना शेजारी उंचीही लिहा आणि त्या मुलाची तुलना बाजूच्याशी करू नका, त्याच्याच मागच्या नोंदीशी करा. ज्या तिमाहीत दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त वाढ दिसेल, त्या तिमाहीत त्याचं वजन वाढवू नका, आकडे घटले तरी रागावू नका आणि त्याला मैदानावर येत राहू द्या.